मालक बाहेरचा, कारखाना गावातला: मध्य युरोपातल्या परावलंबी भांडवलशाहीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि पोलंड या देशांतले बहुतेक मोठे निर्यातदार कारखाने आणि बहुतेक बँका जर्मन, ऑस्ट्रियन, फ्रेंच, इटालियन, अमेरिकन, जपानी, कोरियन मालकांकडे गेल्या. पुढची प्रश्नोत्तरं मुख्यतः या चार देशांबद्दल आहेत. शेजारचे देश आणि आपलं चाकण गरजेपुरतंच येतं.

परावलंबी भांडवलशाही म्हणजे काय? भांडवलशाही ती भांडवलशाहीच ना?

कारखाना कोणाचा, पैसा कोणाचा आणि निर्णय कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरं देशागणिक बदलतात. अमेरिकेत कंपन्या शेअर बाजारातून भांडवल उभं करतात आणि बाजारानं पाठ फिरवली की साहेब लोकही बदलतात. जर्मनीत बँका, कामगार संघटना आणि उद्योगांच्या संघटना एकमेकांशी वाटाघाटी करत चालतात. कारागीर वर्षानुवर्षं एकाच कंपनीत शिकत मोठा होतो. आंद्रेआस न्योल्के आणि आर्यान फ्लीखेनहार्ट या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये मांडलं, की मध्य युरोपातले हे चार देश यांपैकी कुठल्याच साच्यात बसत नाहीत. तिथं पैसा मूळ कंपनीकडून येतो, तंत्रज्ञानही मूळ कंपनीकडून येतं, आणि कुठलं मॉडेल कुठल्या कारखान्यात बनणार ते फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गमध्ये, फियाटच्या तुरिनमध्ये किंवा कियाच्या सोलमध्ये ठरतं. याला त्यांनी 'परावलंबी बाजार अर्थव्यवस्था' म्हटलं.

नुसती परदेशी गुंतवणूक असणं ही काही याची खूण नव्हे, ती अमेरिकेतही भरपूर आहे. ती काढून घेतली तर निर्यात करण्यासारखं देशात किती उरतं, हे बघायचं.

सगळं परदेशी कंपन्यांनाच का विकलं? देशात कोणी घेणारं नव्हतं?

जवळजवळ नव्हतंच. चाळीस वर्षं मोठ्या खासगी मालकीला बंदी असलेल्या देशात कारखाना विकत घेण्याइतका पैसा साठणार कोणाकडे? पोलंडमध्ये शेती बहुतांशी खासगीच राहिली होती, पण शेतकऱ्याच्या बचतीतून पोलाद कारखाना उभा राहत नाही. होती ती बचतही महागाईनं खाल्ली. पोलंडमध्ये १९९० च्या एकट्या जानेवारीत किमती सुमारे ८० टक्क्यांनी वाढल्या.

त्यात गिऱ्हाईक गेलं. या देशांचा व्यापार सोव्हिएत संघ आणि इतर समाजवादी देशांशी कोमेकॉन या संघटनेतून चाले. ती जून १९९१ मध्ये विसर्जित झाली. हंगेरीची इकारुस कंपनी भरभराटीच्या काळात वर्षाला दहा हजारांहून जास्त बसेस बनवायची आणि त्यांतल्या बहुसंख्य सोव्हिएत संघात जायच्या. गिऱ्हाइकाकडेच पैसा उरला नाही म्हटल्यावर बस कितीही चांगली असून काय उपयोग? नवं गिऱ्हाईक पश्चिमेत शोधायचं, तर तिथल्या बाजारात आधीच बसलेल्या कंपनीचा हात धरण्याला पर्याय नव्हता.

युरोपीय संघाचं दारही समोर दिसत होतं. हंगेरी, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियानं डिसेंबर १९९१ मध्ये संघाशी सहकार्याचे करार केले. सदस्यत्व हवं तर भांडवलाला मोकळी वाट द्यायची आणि सरकारी मदतीला लगाम घालायचा, हे पुढे स्पष्टच झालं. १ मे २००४ ला चारही देश सदस्य झाले, तोवर विकण्यासारखं बरंचसं विकून झालं होतं.

हा सगळा ब्रुसेल्सचा कट होता असं म्हणणारे रिकामी तिजोरी विसरतात. आणि 'दुसरा मार्गच नव्हता' म्हणणाऱ्यांनी स्लोव्हेनियाकडे पाहावं. त्याबद्दल खाली आहे.

हंगेरी सगळ्यांच्या आधी बाजारात का उतरली?

कर्ज. १९८९-९० च्या सुमारास हंगेरीवर सुमारे २० अब्ज डॉलर्सचं परकीय कर्ज होतं. दरडोई पाहिलं तर पूर्व युरोपात सर्वांत जास्त. पोलंडनं परतफेडीबाबत हात वर केले आणि १९९१ मध्ये पाश्चात्त्य सरकारांकडून सुमारे निम्मी माफी पदरात पाडून घेतली. हंगेरीनं मात्र प्रत्येक हप्ता वेळेवर भरायचं ठरवलं. हप्त्यांना डॉलर लागतात, आणि डॉलर असलेलं गिऱ्हाईक बाहेरूनच यायचं. अडला हरी म्हणतात तसली गत. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात या भागात आलेल्या परदेशी गुंतवणुकीतला सुमारे अर्धा वाटा एकट्या हंगेरीचा होता, त्यामागे ही निकड आहे. प्रामाणिक कर्जदार असण्याची ही किंमत मला आजही थोडी अन्यायाची वाटते.

त्या सुरुवातीच्या सौद्यांपैकी एखादा नीट सांगाल?

टंग्सरामचा सांगतो. बुडापेस्टच्या उय्पेश्त भागातली ही दिव्यांची कंपनी, १८९६ सालची. टंगस्टन तारेच्या बल्बमुळे जगभर नाव झालेली. समाजवादी काळातही पश्चिमेत माल खपवू शकणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी ती एक. नोव्हेंबर १९८९ मध्ये, म्हणजे भिंत पडली त्याच महिन्यात, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं १५ कोटी डॉलर्स देऊन तिची निम्म्याहून किंचित जास्त मालकी घेतली. वॉशिंग्टनपासून बुडापेस्टपर्यंत टाळ्या पडल्या.

पुढं काय झालं ते एका वाक्यात बसत नाही. काही वर्षांत कामगारांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. दुसऱ्या बाजूनं जनरल इलेक्ट्रिकनं पैसा ओतला, यंत्रं बदलली, पश्चिम युरोपातलं काही उत्पादन हंगेरीत आणलं आणि संशोधनही बंद पाडलं नाही. म्हणजे 'आले, लुटलं, गेले' ही गोष्ट इथं लागू होत नाही. मग एलईडी आले. अमेरिकेतल्या मुख्यालयानं दिव्यांच्या धंद्यातूनच अंग काढून घ्यायचं ठरवलं, आणि २०१८ मध्ये हंगेरीतला कारभार आपल्याच एका माजी अधिकाऱ्याला विकला. जुनं नाव परत आलं, पाट्या बदलल्या, सुमारे चार हजार कामगारांना वाटलं की आता आपलं पुन्हा आपल्याकडे आलं. २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

एलईडीकडे कधी वळायचं, किती वळायचं, हा निर्णय नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांत बुडापेस्टला घेता येत नव्हता. तो घेता आला असता तर कंपनी वाचली असती का? खात्री कोण देणार. फिलिप्स आणि ओस्राम या मातब्बरांनीही जुना दिव्यांचा धंदा सोडलाच. पण त्यांनी तो स्वतः ठरवून सोडला.

चेक लोकांनी तर कारखाने जनतेत वाटले होते ना?

हो, आणि कागदावर ती योजना फार देखणी होती. अर्थमंत्री आणि पुढं पंतप्रधान झालेले वात्स्लाव क्लाउस यांचं म्हणणं असं, की परदेशी मालकांना बोलावण्यापेक्षा नागरिकांनाच मालक करू. तिथल्या चलनात, म्हणजे १००० क्राउनचं तिकीट आणि ३५ क्राउनची कूपन-पुस्तिका घेतली की कुठल्याही प्रौढ नागरिकाला सरकारी कंपन्यांच्या शेअरांसाठी बोली लावता येई. १९९२ च्या पहिल्या फेरीत चेकोस्लोव्हाकियात ८५ लाखांच्या आसपास लोक उतरले.

लोकांना शेअर बाजार ठाऊक नव्हता. त्यामुळे बहुतेकांनी कूपनं गुंतवणूक निधींकडे सोपवली. त्यांतला सर्वांत गाजलेला हार्वर्ड निधी. त्याचा विद्यापीठाशी काही संबंध नव्हता. चालवणारे व्हिक्टर कोझेनी यांनी पैसे दसपट करून देण्याचं आश्वासन दिलं, आणि पुढं ते बहामाला जाऊन राहिले. बाकीच्या मोठ्या निधींमागे सरकारी बँकाच होत्या. त्याच बँका त्याच कंपन्यांना कर्ज देत, त्यामुळे बुडीत कंपनीचं कर्ज थांबवायला कोणी धजावत नसे. कंपनीची मालमत्ता आतून पोखरून स्वतःच्या दुसऱ्या कंपनीत वळवण्याला चेक लोक 'बोगदा खणणं' म्हणू लागले. १९९७ च्या मे महिन्यात क्राउन कोसळला आणि वर्षअखेरीस क्लाउस सरकारही गेलं.

१९९८ मध्ये मिलोश झेमान यांचं समाजवादी-लोकशाहीवादी सरकार आलं आणि त्यानं परदेशी गुंतवणूकदारांसाठी दहा वर्षांपर्यंत करमाफीची दारं उघडली. म्हणजे डाव्या सरकारनं परदेशी भांडवल आणलं आणि उजव्यानं आधी ते लांब ठेवायचा प्रयत्न केला होता. आपल्याकडच्या डाव्या-उजव्याच्या कल्पना घेऊन हा भाग वाचायला बसलात तर गोंधळ होणार.

स्कोडा तर यशाचीच गोष्ट आहे. मग तक्रार कशाची?

यशाचीच आहे, त्यात वाद नाही. म्लादा बोलेस्लावच्या या कंपनीला १८९५ पासूनचा इतिहास आहे. १९९० च्या डिसेंबरमध्ये सरकारनं रेनोला बाजूला सारून फोक्सवॅगनला भागीदार निवडलं. १९९१ मध्ये फोक्सवॅगननं सुमारे ३० टक्के हिस्सा घेतला, मग टप्प्याटप्प्यानं वाढवत २००० मध्ये पूर्ण मालकी घेतली. १९९१ मध्ये वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास गाड्या बनवणाऱ्या स्कोडानं २०१८ मध्ये साडेबारा लाख गाड्या विकल्या. तिचं स्वतःचं संशोधन केंद्र टिकलं, वाढलं. मध्य युरोपात असं भाग्य फार थोड्या कंपन्यांना लाभलं.

तरी दोन प्रसंग बघा. १९९३ मध्ये फोक्सवॅगन स्वतः अडचणीत होती. तेव्हा तिनं स्कोडासाठी ठरलेली मोठी गुंतवणूक आयत्या वेळी कापली आणि प्राग सरकारला चरफडत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. दुसरा प्रसंग २०१७ चा. तोवर स्कोडाच्या गाड्या इतक्या चांगल्या आणि स्वस्त झाल्या होत्या, की त्या फोक्सवॅगनचीच गिऱ्हाइकं खेचत होत्या. तेव्हा बातम्या आल्या, की समूहाच्या तंत्रज्ञानासाठी स्कोडानं जास्त पैसे मोजावेत आणि तिचं काही उत्पादन जर्मनीतल्या रिकाम्या क्षमतेकडे वळवावं, असा आग्रह वोल्फ्सबुर्गमध्ये धरला जातोय. चेक कामगार संघटनेनं जादा तास बंद करण्याची धमकी दिली. धाकट्यानं चांगले गुण मिळवले म्हणून थोरल्यानं कान धरावा, त्यातला प्रकार.

वर्षानुवर्षं नफा, नोकऱ्या, निर्यात सगळं उत्तम चालतं. मग मुख्यालयात कुठंतरी हिशेब बदलतो, आणि यात आपला आवाज किती ते त्या दिवशी कळतं.

कंपन्यांनी हाच भाग का निवडला? स्वस्त मजूर तर जगात इतरत्रही होते.

स्वस्त होते, पण शिकलेले आणि जवळचेही होते. १९९० च्या सुमारास चेक कामगाराचा पगार जर्मन पगाराच्या फार तर दहाव्या हिश्श्याएवढा. तरी लेथ, वेल्डिंग, साचेकाम यांत तो पिढीजात मुरलेला. या भागात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून मोठे यंत्रउद्योग होते. हंगेरीतल्या ग्यॉर शहरातून इंजिनं भरलेली गाडी निघाली की बव्हेरिया एका दिवसाच्या आत. आउडीनं १९९३ मध्ये तिथंच कारखाना टाकला.

आणि सरकारी सवलती?

त्याही. इथं शेजाऱ्यांनी एकमेकांचे पाय ओढले. कियाला कोण बोलावणार यावरून पोलंड आणि स्लोव्हाकियात चुरस लागली, आणि २००४ मध्ये स्लोव्हाकियातल्या झिलिनानं बाजी मारली. त्याच वर्षी स्लोव्हाकियानं सगळ्यांना सरसकट १९ टक्के कर लावला. हंगेरीनं २०१७ मध्ये कंपनी कर ९ टक्क्यांवर आणला, युरोपीय संघात सर्वांत कमी. जमीन, रस्ते, कामगारांचं प्रशिक्षण, थेट रोख मदत हे वेगळंच.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. दोन देशांत निर्णय जवळजवळ झालेला असला तरी दोघांनाही शेवटपर्यंत आशेवर ठेवायचं. यात चुरस करणारे दोघेही हरतात, असं मला वाटतं.

बँकासुद्धा परदेशी कशा काय?

चेक आणि स्लोव्हाक बँका बुडीत कर्जांनी भरलेल्या होत्या. त्या साफ करायला सरकारी पैसा गेला आणि साफ झाल्यावर त्या विकल्या. बेल्जियमच्या केबीसीनं १९९९ मध्ये चेकोस्लोव्हाक व्यापारी बँक घेतली, ऑस्ट्रियाच्या एर्स्टेनं २००० मध्ये चेक बचत बँक, फ्रान्सच्या सोसिएते जेनेरालनं २००१ मध्ये कोमेर्च्नी बँक. दोन हजारच्या दशकाच्या मध्यापर्यंत चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत बँकिंग मालमत्तेचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परदेशी हातात होता, पोलंडमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास.

याचा चटका हंगेरीतल्या सामान्य माणसाला बसला. घरकर्ज फोरिंट या हंगेरीच्या चलनात महाग, स्विस फ्रँकमध्ये स्वस्त. म्हणून लाखो कुटुंबांनी पगार फोरिंटमध्ये आणि हप्ता फ्रँकमध्ये असा उफराटा सौदा केला. कर्ज काढताना एका फ्रँकला १६० च्या आसपास फोरिंट पडत होते; २०११ मध्ये दर २४० च्याही वर गेला. पगार तोच, घर तेच, हप्ता दीडपट. शेवटी २०१४ मध्ये सरकारनं २५६.५ फोरिंट हा दर बांधून ही कर्जं फोरिंटमध्ये बदलायला लावली.

२००९ च्या जानेवारीत सुरू झालेला 'व्हिएन्ना पुढाकार' याच काळातला. परदेशी बँकांनी घाबरून एकदम पैसा काढू नये म्हणून सरकारं, आंतरराष्ट्रीय संस्था आणि बँका एकत्र बसल्या. बँकांनी बऱ्यापैकी शब्द पाळला, हेही नोंदवायला हवं.

नफा किती बाहेर जातो?

फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी यांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशेब सर्वांत जास्त उद्धृत होतो. २०१० ते २०१६ या काळात नफा आणि मालमत्तेचं उत्पन्न या रूपानं दर वर्षी देशाबाहेर गेलेली निव्वळ रक्कम सरासरीनं चेक प्रजासत्ताकात सकल उत्पादनाच्या ७.६ टक्के, हंगेरीत ७.२, पोलंडमध्ये ४.७, स्लोव्हाकियात ४.२. त्याच काळात युरोपीय संघाकडून आलेली निव्वळ मदत अनुक्रमे १.९, ४.०, २.७ आणि २.२ टक्के. पश्चिमेकडचे लोक 'आम्ही तुम्हाला पोसतो' म्हणू लागले की पूर्वेकडचे लोक हे आकडे काढतात.

पण त्यावर फार नाचू नये. बाहेर जाणारा नफा हा आत आलेल्या भांडवलावरचा परतावा आहे. कारखानाच आला नसता तर त्याचा नफाही नसता. खरा प्रश्न असा, की तीस वर्षांत देशी कंपन्या उभ्या राहून या बाहेर जाणाऱ्या ओघाला उलट ओघ तयार झाला का. फारसा झाला नाही.

कामगारांचं भलं झालं की नाही?

राहणीमान निःसंशय वाढलं. चेक प्रजासत्ताकाचं दरडोई उत्पन्न, स्थानिक किमती लक्षात घेता, युरोपीय संघाच्या सरासरीच्या ९० टक्क्यांच्या आसपास आहे. पगाराचं मात्र घोंगडं भिजत पडलंय. २०२३ मध्ये कामगाराच्या एका तासाचा खर्च जर्मनीत सुमारे ४१ युरो, चेकमध्ये १८ च्या आसपास, हंगेरीत जेमतेम १३. यंत्र तेच, गाडी तीच, गुणवत्तेची तपासणीही तीच.

कामगार संघटना समाजवादी काळातल्या बदनामीमुळे आधीच दुबळ्या होत्या, पण बेकारी घटली तसा त्यांना सूर सापडला. जून २०१७ मध्ये ब्रातिस्लावाच्या फोक्सवॅगन कारखान्यात सहा दिवस संप झाला आणि टप्प्याटप्प्यानं सुमारे १४ टक्के पगारवाढ मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये ग्यॉरच्या आउडी कामगारांनी आठवडाभर काम बंद ठेवलं. इंजिनं येईनात म्हणून जर्मनीतल्या इंगोलश्टाटचा गाडीजोडणीचा पट्टा थांबला, आणि १८ टक्के वाढ पदरात पडली. अवलंबित्व दोन्ही बाजूंनी असतं, हे त्या आठवड्यात जर्मनीलाही उमगलं.

सरकारचा कल दुसरीकडे होता. डिसेंबर २०१८ मध्ये हंगेरीच्या संसदेनं वर्षाला घेता येणारे जादा तास २५० वरून ४०० केले. लोकांनी त्याला 'गुलामगिरीचा कायदा' म्हटलं आणि थंडीत रस्त्यावर उतरले.

कंपनी गाशा गुंडाळून गेली तर?

नोकियाचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये तिनं जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद केला आणि रुमानियात क्लुज शहराजवळ जुकू गावात नवा सुरू केला. जर्मनीत निदर्शनं, रुमानियात फिती कापणं. २०११ च्या सप्टेंबरात नोकियानं जुकूही बंद करायचं जाहीर केलं; काम आशियाकडे गेलं. गावाला कारखाना जेमतेम साडेतीन वर्षं लाभला. नंतर त्याच इमारतीत घरगुती उपकरणं बनवणारी एक इटालियन कंपनी आली.

मोटारींचं तसं नाही. गाडीच्या कारखान्याभोवती पुरवठादारांचं गाव वसतं, ते उचलून नेणं परवडत नाही. त्यामुळे मोटार कंपनी बहुधा जात नाही. पुढचं मॉडेल दुसरीकडे देते, एवढंच.

सगळेच माजी समाजवादी देश असेच झाले का?

नाही. स्लोव्हेनियानं सावकाश जायचं ठरवलं. बऱ्याच कंपन्या व्यवस्थापक आणि कामगारांकडे, देशी निधींकडे राहिल्या. बँका सरकारनं सोडल्या नाहीत. संघटनांशी वाटाघाटीची रीत टिकली. वीस वर्षं हे छान चाललं. मग देशी बँकांनी देशी ओळखीच्यांना दिलेली कर्जं बुडाली आणि २०१३ मध्ये सरकारला बँका वाचवाव्या लागल्या. त्यानंतर तिथंही विक्री झाली. गोरेन्ये ही घरगुती उपकरणांची कंपनी २०१८ मध्ये चीनच्या हायसेन्सकडे गेली.

एस्टोनिया, लाटविया, लिथुआनियात परदेशी पैसा कारखान्यांपेक्षा बँका आणि घरांत जास्त गेला, मुख्यतः स्वीडनचा. २००९ मध्ये लाटवियाची अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १४ टक्क्यांनी आकसली. रशियाची कथा साफ निराळी: तेल, वायू आणि १९९५ च्या 'कर्जाच्या बदल्यात शेअर' योजनेतून तयार झालेले देशी धनाढ्य. त्यामुळे परदेशी मालकी नसणं म्हणजे आपोआप चांगलं, असं मानणाऱ्यांनी तिकडेही एक नजर टाकावी.

हंगेरी आणि पोलंडनं नंतर मालकी परत घेतली ना?

निवडून घेतली. २०१० नंतर व्हिक्टर ऑर्बान यांच्या सरकारनं बँकांवर जबर कर बसवला, काही बँका आणि वीज-वायूच्या कंपन्या परत देशी हातांत आणल्या. पोलंडमध्ये २०१७ साली सरकारी विमा कंपनी आणि सरकारी विकास निधीनं मिळून पेकाओ बँकेतला मोठा हिस्सा इटलीच्या युनिक्रेडिटकडून विकत घेतला.

मोटारउद्योगाला मात्र कोणी हात लावला नाही. उलट हंगेरी सरकारनं २०१२ पासून मोठ्या परदेशी कंपन्यांशी 'धोरणात्मक भागीदारी'चे करार केले. भाषणात राष्ट्रवाद आणि औद्योगिक वसाहतीत गालिचा, हे दोन्ही एकाच वेळी सुखानं नांदलं.

भारतातही १९९१ मध्ये दारं उघडली. आपलं असं का झालं नाही?

आपल्याकडे आधीपासून मालक होते. परवाना राज्य कितीही जाचक असलं तरी टाटा, बजाज, किर्लोस्कर, महिंद्र यांच्याकडे भांडवल होतं, कारखाने चालवण्याचा अनुभव होता आणि दिल्लीत वजनही होतं. त्यामुळे चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजच्या शेजारी बजाज आणि महिंद्रचे कारखाने उभे आहेत. ग्यॉर किंवा झिलिनामध्ये असा देशी शेजारी सापडत नाही. शिवाय आपली बाजारपेठ घरचीच मोठी. चार मोटार कारखाने आणि ५४ लाख लोकसंख्या असलेल्या स्लोव्हाकियाला गाड्या बाहेरच विकाव्या लागतात. स्लोव्हाकिया वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या बनवतो, लोकसंख्येच्या मानानं जगात सर्वांत जास्त.

जवळचं साम्य शोधायचं तर मारुती बघा. सुझुकीनं आपल्याकडे १९८३ मध्ये सरकारच्या साथीनं गाडी काढली; हंगेरीत एस्तेर्गोमला १९९२ मध्ये उत्पादन सुरू केलं आणि 'आपली गाडी' अशी तिची जाहिरात केली. हंगेरियन लोकांनी ती खरंच आपली मानली.

छत्रपती संभाजीनगर आणि चाकणच्या स्कोडाचा या साखळीशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. शेंद्र्याचा कारखाना स्कोडानं २००१ मध्ये सुरू केला, चाकणचा फोक्सवॅगननं २००९ मध्ये. २०१८ मध्ये समूहानं भारतातल्या कामाचं नेतृत्व स्कोडाकडे दिलं. मूळ आराखडा जर्मन समूहाचा, त्याला भारतासाठी वळण देण्याची जबाबदारी म्लादा बोलेस्लावकडे, बरंचसं काम पुण्याच्या तंत्रज्ञान केंद्रात. जर्मन समूहाच्या उतरंडीत चेक कंपनी मधल्या पायरीवर पोचली आहे. परावलंबी अर्थव्यवस्थेला वर चढता येतच नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं आहे.

भारतीय कंपन्या तिकडे मालक आहेत का?

आहेत. स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरात २०१८ पासून लँड रोव्हर गाड्या बनतात. कारखाना जॅग्वार लँड रोव्हरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा समूहाचा. स्लोव्हाक सरकारनं त्याला १२.५ कोटी युरोंची मदत दिली. आधी इंग्लंडच्या सोलिहलमध्ये बनणारी डिस्कव्हरी तिकडे हलवली गेली, तेव्हा तिथल्या कामगारांना ते अजिबात रुचलं नव्हतं. हंगेरीत अपोलो टायर्सचाही कारखाना आहे.

मग या देशांना वसाहती म्हणायचं का?

मी म्हणणार नाही. वसाहतीला करार नाकारता येत नाही, मतदान करून सरकार बदलता येत नाही, आणि तिथून कच्चा माल नेतात. इथून गिअरबॉक्स जातात. पण सकल उत्पादनाचे चढते आलेख दाखवून विषय संपवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मध्यम उत्पन्नापर्यंतची वाट या पद्धतीनं लवकर कापली, हे खरं. पुढची वाट स्वतःच्या नावाचा माल, स्वतःचं संशोधन यांतून जाते, आणि ते करायला मूळ कंपनीला काही घाई नाही. पोलंडकडे घरची बाजारपेठ मोठी असल्यानं तिथं देशी कंपन्या जरा जास्त दिसतात. हंगेरीत ओटीपी बँक, मोल ही तेल कंपनी आणि रिख्टर ही औषध कंपनी सोडली की यादी लवकर संपते.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की काय होणार?

होऊ लागलंय. ग्यॉरची ओळख पेट्रोल-डिझेल इंजिनांवर उभी आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीला ती लागत नाहीत. त्या जागी हंगेरीत बॅटऱ्या आल्या. चीनच्या सीएटीएलनं ऑगस्ट २०२२ मध्ये डेब्रेत्सेनला ७.३४ अब्ज युरोंचा कारखाना जाहीर केला. बीएमडब्ल्यूनं त्याच शहरात २०२५ मध्ये इलेक्ट्रिक गाड्या सुरू केल्या. चीनच्याच बीवायडीनं सेगेद निवडलं. डेब्रेत्सेनच्या लोकांनी पाणी किती लागणार, सांडपाणी कुठं जाणार, असे प्रश्न विचारत निदर्शनं केली. कामगार कमी पडतात म्हणून आशियातून माणसं आणण्याचीही वेळ आली. म्हणजे नोकऱ्यांसाठी सवलत द्यायची हा मूळ युक्तिवादही आता लंगडा झालाय.

आणखी एक कारखाना पाहण्यासारखा आहे, बुडापेस्टच्या उत्तरेला ग्योद या लहान शहरात. तिथं सॅमसंग आधी टीव्हीचे पडदे बनवायची. प्लाझ्मा टीव्हीचा जमाना संपला तसा कारखाना बंद पडला. २०१७ मध्ये तो बॅटऱ्यांसाठी पुन्हा उघडला आणि झपाट्यानं वाढला. शेजारच्या रहिवाशांच्या आवाजाबद्दल आणि रसायनांबद्दल तक्रारी आहेत. त्या तक्रारी नगरपालिकेकडे जातात. तिथं काय बनवायचं आणि किती बनवायचं, ते मात्र दोन्ही वेळा कोरियात ठरलं.